गोलामागची हाक

आगबोट रेवसच्या बाहेर थांबली ती थांबलीच. ओहोटी पुरती लागली होती. धक्का समोर दिसत होता, पण तिथवर जायला पाणी नव्हतं. सारंगानं हात झटकून सांगून टाकलं, "पानी चढल्याबिगर बोट हलायची न्हाय!" आणि तो निवांत विडी ओढत बसला.

फिरोजाला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. तिच्या आत्याला, जैबुन्निसा फुफीला, बोट लागली होती. नाकाशी लिंबू धरून ती बायकांसाठी लावलेल्या कनातीआड झोपली होती. म्हणजे निदान तास-दोन तास "इकडे बघू नको, तिकडे ऐकू नको" म्हणणारं कुणी नव्हतं. आणि फिरोजाला बघण्या-ऐकण्याची भारी हौस. वीस वर्षांची झाली तरी प्रत्येक गोष्टीचं "का?" आणि "मग?" सुटलं नव्हतं. अब्बांच्या पश्चात घरचा कर्ता झालेला तिचा भाऊ हमीद तिला थट्टेनं 'फौजदार' म्हणायचा.

कनातीपलीकडे दोन गृहस्थ गप्पांत रंगले होते. एक अलिबागच्या कोर्टातले कारकून शिवदास, दुसरे मुंबईचे गुजराती व्यापारी दयारामशेठ. दोघेही फुटबॉलचे वेडे.

"सत्तावीस सालची मॅच!" दयारामशेठ म्हणाले. "कोटवालं कॉलेज आणि माझगाववालं कॉलेज. पाच वर्षं झाली, पण एवी मॅच फिरून नाही पाहिली."

"शेठ, नका आठवण काढू," शिवदास कळवळले. ते माझगाववाल्या कॉलेजचे. "आमच्या तोंडचा घास गेला."

फिरोजा गालात हसली. ही मॅच तिला तोंडपाठ होती. हमीद कोटवाल्यांकडून खेळला होता, आणि शेवटच्या मिनिटाचा तो एकच गोल त्याचा होता! आजही अलिबागच्या बाजारात त्याला 'गोलवाले हमीद' म्हणत. घरी तो सांगायचा, चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा गेला, गोलकीपरला दिसलासुद्धा नाही.

पण शिवदास भलतंच काही सांगत होते.

"गोळी कसली? मैदानाच्या मध्यातून उंच उडवलेला चेंडू. लहान मुलानं झेलला असता! आमच्या शब्बीरनं त्या वर्षी एकही गोल खाल्ला नव्हता. आणि चेंडू वरून खाली येतो, तर या पठ्ठ्यानं काय करावं? दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि टुणकन बाजूला उडी मारली! गोलकीपर! विकला गेला, दुसरं काय?"

दोन्ही हात डोक्यावर... आणि बाजूला उडी...

फिरोजाचं हसू एकदम मावळलं. कठड्याशी पुस्तक वाचत उभा असलेला एक उंच, दाढीवाला तरुण पुस्तक मिटून पाण्याकडे तोंड करून राहिला. त्याचे कान लाल झाले होते. जुन्या मॅचच्या गप्पा ऐकून एखाद्याचे कान लाल का व्हावेत? फिरोजाला राहवलं नाही. फुफी घोरतेय हे पाहून ती कनातीच्या कडेशी सरकली.

"तुम्ही पाहिली होती का हो ती मॅच?"

त्यानं वळून पाहिलं. बुरख्यातून दोन टपोरे डोळे तेवढे दिसत होते.

"पाहिली होती. जवळून."

"किती जवळून?"

"दोन खांबांच्या मध्ये उभा होतो."

"म्हणजे तुम्ही... शब्बीर?"

"हळू! हे दोघे मला आत्ता ढकलून देतील. आणि खाली सगळा गाळ. धड बुडताही यायचं नाही."

तिला खुदकन हसू आलं. मग तिनं सरळच विचारलं, "विकले गेला होता?"

"पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं. बाकी सगळ्यांना ठाऊकच होतं."

"नव्हता ना?"

"नव्हतो."

"मग हात डोक्यावर का?"

"सांगितलं तर हसाल."

"हसेन. पण सांगा."

त्यानं मान हलवली. "एक हाक ऐकू आली... गोलाच्या मागून. पुढचं नाही सांगत. त्या दिवशी सांगितलं असतं तर 'विकला गेला' याच्याहून वाईट नाव पडलं असतं. मी कॉलेज सोडलं आणि झांजिबारला मामूच्या दुकानावर गेलो. आता चौलहून अम्मानं बोलावलं म्हणून आलोय. पण तीन घरांतून नकार आला. विकल्या गेलेल्याला मुलगी कोण देणार? आणखी पंधरा दिवस बघायचं, नाहीतर पुढचं जहाज पकडायचं."

फिरोजाची नजर झोपलेल्या फुफीकडे गेली. तरी विचारल्याशिवाय ती फिरोजा कसली?

"हाक कुणाची होती?"

"मुलीची. पाच वर्षं कानात आहे."

"सापडली तर काय कराल?"

"विचारेन, की बाई, मुंबईच्या मैदानात नारळ कुठून—" त्यानं जीभ चावली.

पण तेवढं पुरेसं होतं.

मॅचच्या दिवशी ती मुंबईत फुफीकडे होती. हवा खायला म्हणून दोघी बंद गाडीतून निघाल्या आणि भाऊ खेळतोय म्हणून मैदानाच्या कडेला, अगदी गोलाच्या मागे, गाडी थांबवली. पंधरा वर्षांच्या फिरोजानं फुटबॉल जन्मात पाहिला नव्हता. पडद्याच्या फटीतून तिला दिसले ते माडासारखे दोन उभे खांब, मध्ये एक माणूस, आणि आभाळातून थेट त्याच्या डोक्यावर येणारी एक गोल, तपकिरी वस्तू. नागावच्या वाडीत वाढलेल्या पोरीच्या तोंडून अशा वेळी जे निघतं तेच निघालं. माडावरून नारळ टाकण्याआधी गडी जी हाक देतो ती — "पडला होऽऽ!" ती हाक कानावर आली की वाडीतला माणूस विचार करत नाही, हात डोक्यावर आणि बाजूला उडी. फुफीनं तिच्या तोंडावर हात दाबला, पडदा ओढला आणि गाडी पिटाळली. या गोष्टीचा घरी चकार शब्द काढायचा नाही, अशी कसम घातली. हाक कुणी ऐकली असेल असं मात्र दोघींनाही कधी वाटलं नव्हतं.

बोटीची शिटी झाली. पाणी चढलं होतं. फुफी चुळबुळ करू लागली.

"रविवारी नागावला आमच्या वाडीत या," फिरोजा घाईघाईनं म्हणाली. "मॅचवाले सगळे दर वर्षी जमतात. हे दोघेही येणार असतील. जे खरं ते तिथं सांगा."

"मला कोण बोलावणार तिथं?"

"मी बोलावतेय ना!"

"पण तुम्ही कोण?"

"गोलवाले हमीदची बहीण."

त्याच्या हातातलं पुस्तक पडता पडता राहिलं.

रविवारपर्यंत फिरोजानं कसे दिवस काढले ते तिचं तिलाच ठाऊक. खरं सांगावं, तर भरल्या मैदानात ओरडणारी मुलगी म्हणून गावभर नाव होणार. त्याहून वाईट म्हणजे भाईजानचा तो सोन्यासारखा गोल... त्याचा नारळ होणार! आणि गप्प बसावं, तर तो लाल कानांचा माणूस पुन्हा सातासमुद्रापार जाणार. कधी नव्हे ते तिला घास गिळेना. फुफीनं दोनदा नजर उतरवली.

रविवारी सकाळी वाडीत चटया अंथरल्या. विठोबा शहाळी काढायला माडावर चढला. ओसरीवर बांबूच्या चिकेचा पडदा सोडून बायका आत बसल्या. फिरोजा सुपाऱ्यांचा ढीग पुढ्यात घेऊन सोलत होती, पण कान सगळे बाहेर.

हमीद रंगात आला होता. "आणि मी असा पाय उचलला—"

तेवढ्यात फाटक वाजलं. शब्बीर आत आला. त्याला ओळखायला हमीदला क्षणही लागला नाही.

"सलाम आलेकुम."

"वालेकुम सलाम, शब्बीर," हमीद चाचरत म्हणाला. घरी आलेल्या माणसाला तो बस म्हणाला खरा, पण शिवदासांनी आपली चटई तेवढी लांब ओढून घेतली.

"काय हो," शिवदास म्हणाले, "आज तरी सांगाल का, हात डोक्यावर का नेले?"

शब्बीर उभाच राहिला. "सांगायलाच आलोय. मागून एक हाक आली. नारळ पाडताना देतात ती. मी चौलच्या वाडीत वाढलो. हात आपोआप वर गेले."

जो हशा पिकला तो थांबेना. "मुंबईच्या मैदानात नारळ!" दयारामशेठनी पोट धरलं. "झांजिबारहून एवी वार्ता आणली?"

"पाच वर्षांत दुसरी थाप नाही सुचली?" शिवदास म्हणाले.

हमीद हसला नाही. त्यानं मान खाली घातली होती. शब्बीरचे कान पुन्हा लाल झाले. त्यानं एकदा चिकेकडे पाहिलं. रागावून नाही... बोलावणारीनं बोलावलं, आपण आलो, एवढंच सांगितल्यासारखं. आणि तो फाटकाकडे वळला.

फिरोजाच्या हातातली सुपारी गळून पडली. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"पडला होऽऽ!"

अन् काय सांगावं! शब्बीर हात डोक्यावर घेऊन टुणकन बाजूला उडाला. गोलवाले हमीद डोकं धरून चटईबाहेर कोलमडला. शिवदासांनी तर डोकं वाचवायच्या नादात सरबताचा पेला स्वतःच्याच टोपीवर ओतून घेतला. सारी नागावकर मंडळी डोकी धरून इकडे-तिकडे पांगली. जागेवर बसून राहिले ते एकटे दयारामशेठ, मुंबईचे. ते नुसते डोळे फाडून बघत होते.

वरून विठोबाचा घाबरा आवाज आला, "अवं, म्या न्हाय टाकला अजून! कोन वरडलं?"

"मी," चिकेआडून फिरोजा म्हणाली. आणि ती तिथंच थांबली नाही. "आज मी, आणि त्या दिवशीही मीच. गाडी गोलाच्या मागे उभी होती. मला वाटलं, यांच्या डोक्यात नारळ पडतोय. विचारा फुफीला."

"तोबा, तोबा!" फुफीनं कपाळावर हात मारला. "पोरी, पाच वर्षं झाकलं गो मी, आन तू आज भर सभेत..."

कुणीच हसलं नाही. शिवदास टोपी हातात घेऊन उठले. टोपीतून सरबत ठिबकत होतं. "शब्बीरमियाँ," ते म्हणाले, "मी आत्ता स्वतः डोकं धरलं. कुणी मला विकत घेतलं नव्हतं. माफ करा मला." आणि शब्बीरचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले.

हमीद मात्र कपडे झटकत तसाच उभा होता. चेहरा उतरला होता. "म्हणजे पाच वर्षं मी जो गोल सांगत आलो," तो हळूच म्हणाला, "तो बहिणीच्या हाकेनं झाला."

आत फिरोजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"नाही हमीदभाई," शब्बीर म्हणाला. "गोल तुमचाच. पायानं मारलेला चेंडू इतका उंच गेला, की वाडीतल्या मुलीला तो माडावरून पडतोय असं वाटलं. एवढा उंच चेंडू मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही."

हमीदनं मान वर केली. "खरं?"

"खुदा कसम."

"किती उंच असेल रे?"

शब्बीरनं विठोबा बसला होता त्या माडाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. हमीद बराच वेळ वर बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "ऐकलंत शेठ? माडाएवढा!" त्यानं शब्बीरला खांद्याला धरून आपल्या चटईवर बसवलं आणि मॅच पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. या वेळी नारळासकट.

ऊन कलतं झालं तेव्हा शब्बीर निघाला. जाता जाता ओसरीपाशी घुटमळला.

"फुफीजान," तो चिकेकडे बघून म्हणाला, "त्या हाकेवर मी पाच वर्षं रागावलो होतो. पण खरं सांगू... तेवढीच पुन्हा ऐकायचीही होती. हमीदभाईंशी बोललोय. ते म्हणाले, फौजदाराला विचार. अम्मा शुक्रवारी मागणी घालायला येईल. उत्तर आधी कळलं, तर... झांजिबारला मामूंना कळवतो, की मी येत नाही."

"मला काय विचारतोस?" फुफी फणकारली. डोळे मात्र हसत होते. "ज्या तोंडानं हाक मारली, त्या तोंडाला विचार."

चिकेआड सोलण्याचा आवाज थांबला. शब्बीर वाट बघत उभा राहिला... एक पाय पायरीवर, एक अंगणात.

मग चिकेच्या वरून एक केशरी, गरगरीत ओली सुपारी उंच उडाली, आणि तिच्यामागून एक हलकी, लाजरी हाक आली —

"पडली होऽऽ..."

शब्बीरनं हात डोक्यावर नेले नाहीत. दोन्ही हात पुढे केले आणि अलगद झेलली.