खालची ओळ वर सरकते

दापोऱ्याच्या मृणालचा हात एक्सेलवर असा चालायचा, की बुऱ्हाणपुरातल्या पाणी संस्थेचा मॅनेजरसुद्धा तिला विचारल्याशिवाय कागद हलवत नसे. तापीचं पाणी उचलून केळीच्या मळ्यांना पाळीपाळीने सोडायचं, हे संस्थेचं काम. कोणामागून कोणाची पाळी, ते सगळं मृणालच्या शीटमध्ये. पोरगी हुशार, आणि हुशार आहे हे तिलाही पक्कं ठाऊक. त्यात वाईट काय?

त्या दुपारी यादी साफ करायची होती. वारलेल्या सभासदांपुढे ‘मयत’ असा शेरा होता. एकेक ओळ खोडत बसायला मृणाल काय रिकामी होती? तिने मॅक्रो लिहिला, एका फटक्यात सगळं उरकणारा छोटा प्रोग्राम. चालवला की एक चौकट उघडणार आणि विचारणार, कोणता शब्द असलेल्या ओळी काढायच्या? शब्द टाकायचा, बटण दाबायचं. ओळी जातात, आणि खालच्या वर सरकून बसतात.

तेवढ्यात सरुबाई आल्या. त्यांचे यजमान दत्तात्रयकाका पोळ्यानंतर वारले होते. दापोऱ्यात रीत अशी, की माणूस गेला तरी वर्षश्राद्धापर्यंत पाण्याची पाळी त्याच्याच नावाने सोडायची. व्हॉल्व्ह फिरवताना आधी त्याला हाक मारायची, मग पाणी.

“यांचं नाव राहू दे माय,” सरुबाई म्हणाल्या. “वर्ष नाही झालं अजून. जागा रिकामी ठेवली, की कोणीतरी तिथं बसतंच.”

“काकू, यादीच्या शेवटी तुमचं नाव टाकते. पाणी चालूच राहील. टेन्शन नका घेऊ, मैं देख लूंगी.”

सरुबाईंनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं. उठल्या आणि गेल्या.

“कॉपी ठेवलीस का?” शेजारच्या टेबलावरून नीलेशने विचारलं.

“मॅक्रो माझा आहे, तुझा नाही,” असं म्हणत तिने चौकटीत ‘मयत’ टाकलं आणि बटण दाबलं.

बाकीच्यांची वर्षं कधीच उलटली होती. नवे होते ते दत्तात्रयकाकाच. त्यांची ओळ गेली, आणि त्यांच्या बांधाला बांध लागून असलेले गिरधर, म्हणजे मृणालचे वडील, त्या जागी सरकले. तिने पाहिलं, यादीच्या शेवटी सरुबाईंचं नाव टाकलं, सेव्ह केलं, आणि लॅपटॉप पिशवीत घालून रिक्षा पकडली.

दिवेलागणीला बाबा मळ्यातून घरी आले नाहीत. आला तो सरुबाईंचा फोन. आवाज अगदी खाली.

“तुझे बाबा इकडं आलेत... मला ‘सरू’ म्हणाले.”

लॅपटॉपची पिशवी उचलून मृणाल धावतच गेली. लाइट गेली होती. ओट्यावर कंदील, आणि नवारीच्या खाटेवर बाबा जेवत बसलेले. डाव्या हाताने. दत्तात्रयकाका डावखुरे होते. बाबांनी जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, आणि आता त्यांच्या अंगाला काकांच्या तंबाखूचा उग्र वास येत होता.

“बाबा, घरी चला.”

त्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं.

“कोणाची पोर गं ही, सरू?”

आई गेल्यापासून मृणालला हाच एक माणूस होता. पण गांगरली असती तर ती मृणाल कसली! मॅक्रोने केलेलं अनडूने परत येत नाही, हे तिच्याहून चांगलं कोणाला ठाऊक असणार? ती कंदिलाजवळ फतकल मारून बसली, लॅपटॉप उघडला, बाबांच्या ओळीच्या वर एक कोरी ओळ घातली. नाव, शेत, पाळी... सगळं आठवून हाताने टाइप केलं. दत्तात्रय. सेव्ह.

खरकटा डावा हात ताटावरच थांबला. मागच्या केळीतून पानं फाटल्यासारखा आवाज आला, वारा मात्र नव्हता. मग बाबांनी उजव्या हाताने तांब्या उचलला आणि ते घटाघटा पाणी प्यायले.

“मृणाल? तू इथं कधी आलीस गं?”

तिला रडूच कोसळलं. ती खाटेवर त्यांना अगदी खेटून बसली, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. वास गेला होता. हा तिचा बाप होता, मातीच्या आणि घामाच्या वासाचा. जमलं. आपल्याला जमणारच होतं, असं तिच्या मनात आलंसुद्धा.

बाबांनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

“जरा सरक बेटा,” ते हळूच म्हणाले. “इथं मध्ये बसू नको. त्यांना बसू दे.”

“कोणाला, बाबा?”

समोर सरुबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता आणि मान खाली घातली होती.

मृणाल सरकली. दोघांच्या मधली नवार हळूहळू खाली गेली.