भिंतीपलीकडचं आमीन

त्या शुक्रवारी सकाळी मी मशिदीच्या हौदात पडलेली अक्रोडाची पानं काढत होतो. डोंगरातल्या तिनमल गावच्या मशिदीत अजान द्यायचं काम माझं, हौद साफ ठेवायचंही माझंच. तेवढ्यात वाळवंटातल्या नव्या सुलतानाचा सरदार वन्झमार घोडेस्वारांसह दरी चढून आला. मराकेश पडल्याचं आम्हांला त्याच्याच तोंडून कळलं.

मराकेशच्या गादीवरचं मुवाहिद घराणं याच दरीतून उठलं. जवाच्या कण्या खाणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांनी त्यांना खांद्यावर घेतलं, समुद्रापलीकडे स्पेनमधल्या अंदलुसपर्यंत नेलं. त्यांनी मनोरे बांधले, महाल बांधले, मग चुलते-पुतणे एकमेकांचे गळे कापू लागले. आमच्या वाट्याला काय उरलं? मशिदीच्या किब्ल्याच्या, म्हणजे मक्केकडच्या भिंतीमागं पहिल्या राजांच्या कबरी, आणि घरोघरी विधवा.

"आजच्या प्रवचनात दुआ आमच्या सुलतानाच्या नावानं," वन्झमार म्हणाला.

शुक्रवारी ज्याचं नाव घेतलं जातं आणि लोक ज्यावर 'आमीन' म्हणतात, त्याचं राज्य. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून प्रवचन देणाऱ्या यखलफचा मुलगा वग्गाग, दोन लेकरांचा बाप, त्यानं दाराच्या खांबाला बांधला.

"आमीन ऐकू आलं नाही, तर याचं मुंडकं."

गाव ज्याच्या शब्दाबाहेर नव्हतं त्या म्हाताऱ्या इदरची यखलफनं दाढी धरली. "इदरबाबा, एक शब्द. एवढाच."

"नाव तू घे. तोंड तुझं, पोर तुझं. त्या वाळवंटातल्या मेंढपाळाला आम्ही आमीन म्हणायचं?"

"अन् आपण कोण होतो हो? बकऱ्याच राखत होतो ना?"

"आपल्या बकऱ्या डोंगरातल्या!"

माझं डोकं फिरलं. "मेलेल्यांच्या अब्रूपायी जिवंत माणूस कापायचा? हे त्याच्या लेकरांना सांगा जाऊन!"

"हम्मू, तू अजान दे. तुझं काम तेवढंच."

मी अजान दिली. भर दुपार. आत चुन्याचा गारवा, दिव्यातल्या तेलाचा वास. सारा गाव ओठ मिटून रांगांत बसला होता. दारात वन्झमार उपसलेली तलवार घेऊन उभा.

यखलफनं प्रवचन संपवलं, दुआ सुरू केली, आणि नव्या सुलतानाचं नाव घेतलं.

कुणी बोललं नाही. यखलफची नजर दाराकडे लागली होती. एकट्यानं का होईना, म्हणायचं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात ओल्या मातीचा वास आला... नुकत्याच खणलेल्या.

"आमीन..."

जातं फिरावं तसा जड, खालचा आवाज. अनेक गळ्यांचा. किब्ल्याच्या भिंतीपलीकडून. तिकडे कबरींशिवाय काही नाही. मी रांगांकडे पाहिलं. एकाचाही ओठ हलला नव्हता.

वन्झमार हसला. "वाकलात ना शेवटी! सोडा रे त्याला."

दोर कापल्याचा आवाज आला. मग शांतता. एक आख्खं नाव मावेल एवढी.

"आमीन..."

वन्झमारचं हसू विरलं. "आता कुणाचं नाव घेतलंस?"

"मी... मी कुणाचंच नाही..."

खरंच, यखलफ बोललाच नव्हता. पण भिंतीपलीकडे कुणीतरी नाव घेतलं होतं, आणि त्यावर ते आमीन म्हणाले होते. त्या गळ्यांत या खेपेला एक नवा आवाज होता. घोगरा, वाळवंटी हेलाचा. आम्ही सगळ्यांनी ओळखला, वन्झमारचाच. त्यानंही ओळखला. पण तो तर दारात, माझ्या डोळ्यांदेखत उभा होता, दात घट्ट आवळून.

घोड्यावर चढताना त्याचा पाय दोनदा रिकिबीतून निसटला.

वग्गाग वाचला. आता दर शुक्रवारी सारा गाव नव्या सुलतानाच्या नावावर आमीन म्हणतो. भिंतीपलीकडच्यांनी आधी म्हणू नये म्हणून इदरबाबा सगळ्यांत मोठ्यानं. मग आम्ही माना खाली घालून थांबतो. पलीकडून ते येतंच. पहिल्या वर्षी आमच्या आणि त्यांच्या आमीनमध्ये एक लांब श्वास घेता यायचा. हल्ली आमचा शब्द संपायच्या आतच त्यांचा सुरू होतो.