धरमसिंगच्या नावानं

अनुपनं त्या सांजेले माह्यापाशी टॉर्च मागतली. "आजी, दालमिलवर जाऊन येतो. कॉम्प्युटर कोणालेच आत घेऊन नाही राह्यला. जेवाच्या टायमाले येतोच."

पोळ्याची कर होती. टोपल्यात कालच्या पुरणपोळ्या होत्या. म्हटलं, खाऊन जाय. त्यानं एक पोळी उभ्या उभ्याच घडी केली आन खात खात निघाला.

आपल्या घरात भूतबित मानत नाही, लेकरंहो. मीबी मानत नाही. त्यानं सांगितलं ते सांगते, आन शेवटचं तं मी या डोयानं पाह्यलं.

अनसिंगच्या रोडवर ते दालमिल. फाटकापाशी गाड्याइचं वजन मोजायचा मोठा काटा, बाजूले काचेची खोली. त्या खोलीत तांड्यावरचा धरमसिंग बसे. आपल्या घरी चहा पिल्याबिगर कामावर जात नसे तो. अनुपले काम त्यानंच शिकवलं. काटा बरोबर आहे का पाह्याले तो रोज आधी सोताच त्यावर उभा राहे, साठ किलो भरे. कॉम्प्युटर आला तवा पह्यलं नाव त्याचंच टाकलं, आन मंग दुसरं टाकायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही. मालकाचा पोरगा वीरेंद्र बसो का अनुप बसो, सारे धरमसिंगच्याच नावानं आत जायचे. पासवर्ड तं भिंतीवर खडूनं लिहून होता.

एका रात्री धरमसिंगची पोरगी तापानं फणफणली. तो घरी गेला. त्याच्या खुर्चीवर अनुप बसला, आन बसल्या बसल्या झोपला. एक गाडी न मोजताच फाटकाबाहेर गेली. सकाळी डाळीचे पोते कमी भरले. वीरेंद्रनं कॉम्प्युटर पाह्यला. नाव कोणाचं? धरमसिंगचं.

साऱ्याइसमोर त्याले चोर म्हटलं. धरमसिंग नुसता अनुपकडे पाहत राह्यला... हा आता बोलन, मंग बोलन.

अनुपनं मान खाली घातली.

मले हे काहीच माहीत नोतं. मीबी म्हटलं, असन बाप्पा, माणसाचा काय भरवसा. पुढं त्याले दिवाळी पाह्यले नाही भेटली. झोपला तो उठलाच नाही. त्याची बायको जमनाबाई, तिले लोक चोराची बायको म्हणाले लागले. ती पोरीले घेऊन किन्हीराजाले भावाकडे गेली.

वीरेंद्रनं धरमसिंगचं नाव कॉम्प्युटरमधून काढाले लावलं. ते बी अनुपनंच काढलं. साऱ्याइले आपापले नावं करून देल्ले.

तं पुढच्या वर्षी त्या पोळ्याले मिल बंद होती म्हणून अनुपनं सर्व्हरवर नवी सिस्टम टाकली. मले म्हणे, "आजी, घराची चौकट बदलली समज." करीच्या दिवशी माणसं कामावर आले, तं कोणाचीच चाबी लागत नाही. नाव चूक, नाहीतर पासवर्ड चूक. फाटकाबाहेर गाड्याइची लाइन.

अंधार पडला. ड्रायव्हर लोक स्टोवर भाजी करून राह्यले होते. खोलीत अनुप एकटा. आपलं नाव टाकलं. चूक. वीरेंद्रचं टाकलं. चूक. कंपनीच्या माणसाले फोन केला. तो म्हणे, "हे सगळं पहिल्यांदा ज्या नावावर बसवलं, ते परत घाला. बाकीची नावं त्याच्याच आधारावर उभी आहेत."

अनुपनं हात पुसले. धरमसिंगचं नाव टाकलं.

सारा कॉम्प्युटर इंग्रजी. पण अक्षरं आले ते मराठी.

"त्या रात्री काट्यावर कोन होतं?"

त्यानं वीरेंद्रले फोन लावला. "वीरेंद्रभाऊ, मजाक करून राह्यले का तुमी?"

"अबे, मले वजनं टाकाच्या पुढं काही येत नाही. मी काय मजाक करन?"

मंग अनुपनं लिहिलं, धरमसिंग.

"नाही."

लिहिलं, वीरेंद्र.

"नाही."

पिंकी, हासू नको. काय म्हणतं? भुताले टाइप करता येते का? धरमसिंगले येत होतं, बाई. जित्तेपणी.

बाहेर ड्रायव्हर बोलून राह्यले होते. त्याइचा आवाज बंद झाला. पंखा फिरे, पण हवा लागेना. मागची खुर्ची करकरली... अनुपनं मागं नाही पाह्यलं.

पडद्यावर एक एक अक्षर आलं. हळू.

"सांग ना... अनुपभाऊ."

त्यानं आपलं नाव लिहिलं.

उघडलं.

पहाटे तो आला आन उंबऱ्यातच बसला. सारं सांगितलं, मले धरून हुंदके देऊन लडला. मी म्हटलं, लडू नको. आता मिलवर जाय, साऱ्याइसमोर बोल. मंग किन्हीराजाले जाय, जमनाबाईचे पाय धर. "हो आजी," म्हणे.

मीबी त्याच्या मागं मागं गेली. फाटकापाशी सारेच उभे होते. वीरेंद्र म्हणे, "शाब्बास रे! काय झालं होतं?"

अनुपनं माह्याकडे पाह्यलं. तसंच, जसं धरमसिंगनं त्याच्याकडे पाह्यलं असन. मंग मान खाली घातली.

"काही नाही, भाऊ. सिस्टमचा बिघाड होता."

...

माह्या पोटच्या पोराचं पोर ते. माह्या हातचं खाल्लेलं.

मंग मीच बोलली. तिथंच, मोठ्यानं, ड्रायव्हर लोकाइले बी ऐकू जाईन असं. आन एसटी धरून किन्हीराजाले गेली. जमनाबाईनं सारं ऐकून घेतलं, पाणी देल्लं, आन इचारलं, "आजी, हे सांगाले तो काहून नाही आला?"



धम्मदीपा, तू नेहमी इचारतं ना, अनुपदादा पुण्याहून घरी काहून येत नाही म्हणून. तं हे असं आहे.

पण तो खोटं बोलला ना, तवा काटा रिकामा होता. गाडी नाही, माणूस नाही. वरच्या लाल आकड्यात शून्य. त्याच्या तोंडून ते निंघालं... आन आकडा हालला.

साठ किलो.

अकोल्याहून मेकॅनिक आले. लोखंडी पाट उचलले, खड्डा धुतला, वायरी बदलल्या. आजबी जाऊन पाहा. काट्यावर कोणी नसते.

साठ किलो.