दाट रंग

दारिंकाने पिंपाचं झाकण काढलं, तेव्हा आतला रंग बिटाच्या काढ्यासारखा काळपट लाल होता. श्टेफामावशी वाकून बघत म्हणाली, "हिरवा होणार म्हणालीस ना गं? हे तर गटाराचं पाणी."

"नदीत पडू दे, मावशी. दाट असला की त्याचे कण एकमेकांचाच उजेड गिळतात. पांगले की चमकतात."

"आमच्या पार्टीच्या सभेसारखंच की. एकत्र बसले की सगळे मंद."

दारिंकाचा सहकारी बोगोमिल हसला आणि त्याने पिंप कलंडवलं. नदी इथे एका गुहेच्या तोंडात शिरते आणि पुन्हा दिसत नाही. क्रासच्या चुनखडीच्या, पोकळ पठारावर ते नवलाचं नाही. काळपट धार पाण्यात पसरत गेली, आणि पसरता पसरता पेटल्यासारखी हिरवी झाली. मग सगळा हिरवा उजेड गुहेत ओढला गेला.

वरच्या माळावर चामड्याचा कारखाना यायचा होता आणि त्याचं सांडपाणी याच गुहेत सोडायचं घाटत होतं. गुहेतलं पाणी खालच्या गावाच्या झऱ्यातून निघत असेल, तर अख्खं गाव ते विष पिणार. दारिंका जलतज्ज्ञ, हा रंग झऱ्यात उतरतो का, एवढंच तिला सांगायचं होतं.

श्टेफामावशी मात्र गुहेकडेच बघत राहिली. तिचा नवरा सिरिल तरुणपणी दोर बांधून आत उतरला होता. दोर तेवढा वर आला.

"हे त्याच्यापर्यंत जाईल?" तिने विचारलं.

"पाणी जिथे जातं तिथे सगळीकडे जाईल," दारिंका म्हणाली. दुसरं काय सांगणार?

दारिंका आणि बोगोमिल खालच्या गावात मावशीकडेच मुक्कामाला राहिली. रोज झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरायचं, अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचं. पाणी काही चमकेना. आंबट कोबी आणि घेवड्याचं कालवण खाऊन बोगोमिल कंटाळला.

"संबंध नाही, दारिंका. लिही तसं आणि चल घरी."

"अजून थोडं थांबू."

निघायचं ठरलं त्या सकाळी दारिंका गोठ्यात हात धुवायला गेली. झऱ्याचं पाणी नळीने तिथल्या दगडी डोणीत पडत असे. धार काचेसारखी स्वच्छ होती. डोणीच्या तळाशी मात्र काहीतरी काळपट लाल, निश्चल पडून होतं. वरून पाणी पडत होतं, तरी ते हलत नव्हतं.

बोगोमिलने दिवा धरला. तळ तसाच काळा.

"गंज आहे. रंग असता तर चमकला असता."

दारिंकाने काचेच्या नळीने त्यातला एक थेंब उचलला आणि बादलीभर पाण्यात सोडला.

बादली हिरवी पेटली.

बोगोमिल म्हणाला, "कुणी मस्करी केली असेल."

"कशाने? पिंप आपण नदीतच विसळलं. रंगाच्या भुकटीचा कणसुद्धा उरला नव्हता."

"अगं, पण नदीभर पांगलेला रंग परत असा पिंपातल्यासारखा दाट होतो कधी?"

"नाही होत."

"मग?"

पाण्यात पांगलेलं आपण होऊन गोळा होत नाही, हे ती वीस वर्षं शिकवत आली होती. कुणाला तरी तो थेंब थेंब वेचावा लागतो. हा विचार तिच्या मनात अगदी शांतपणे आला आणि शांतपणेच बसला.

"झऱ्याचा संबंध आहे, असं मी लिहिणार," ती म्हणाली. त्या बादलीच्या जोरावर कारखाना पुढे दुसरीकडे गेला, पण ते नंतर.

मागे दार वाजलं. श्टेफामावशी केस सोडलेले तशीच उभी होती.

"आज उशीर झाला बाई उठायला. इतकी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. अजून तोंडही धुतलं नाही."

तिच्या डाव्या गालावर उशीच्या वळासारखं लालसर काहीतरी होतं.

"गाल दुखतोय का, मावशी?"

"दुखत नाही. रात्रभर गार लागत होता. बरं वाटत होतं."

दारिंकाने बोगोमिलच्या हातून दिवा घेतला. गोठ्याचं दार ओढलं.

गालावर एक बारीक हिरवी रेघ उजळली.

रेघेच्या आत सगळं काळं. तिथे रंग दाट होता.

अंगठा कानाखाली. चार बोटं केसांकडे गेलेली.

मावशीने काय दिसतंय म्हणून विचारलं नाही. तिने नुसता आपला हात उचलला आणि त्या जागेवर अलगद ठेवला.

तिचा तळवा त्याहून बराच लहान होता.