निळ्या विजेची चाल

डोळ्यांवर दोन बोटं रुंदीची निळी पट्टी बांधली की ओळखीची मुलगी अनोळखी कशी होते?

संघमित्राला हा प्रश्न 'निळी वीज' हे जपानी कार्टून बघताना छळायचा. त्यातला केंजी वर्गातल्या हानाची टिंगल करतो आणि निळ्या विजेवर जीव टाकतो. दोघी एकच! "गाढव आहे नुसता," ती म्हणायची.

पण बार्शीच्या तिच्या शाळेत तेच चाललं होतं. सातवीतली संघमित्रा मधल्या सुट्टीत निळी पट्टी बांधून दांडगटांच्या हातून लहानग्यांचे डबे सोडवायची. तिच्याच बाकावरचा कपिल कंपासपेटीवर निळ्या विजेसाठी बदाम काढायचा, आणि संघमित्राला म्हणायचा, "सरक की बेडके!"

मुख्याध्यापकांना डबे पळवणारे कधी दिसले नाहीत. पट्टी तेवढी दिसली. "उद्या खंडू तिला शोधून काढेल. सापडली की रॉकेट उडताना बघायच्या सहलीतून नाव कट!"

खंडू म्हणजे हजेरी घेणारा रोबो. संघमित्रा रडकुंडीला आली. त्या सहलीकडे ती वर्षभर डोळे लावून बसली होती.

"अण्णा, चेहरा झाकल्यावर तो कसा ओळखेल?" तिने आजोबांना विचारलं. अण्णांनी उभी हयात रोबो बनवण्यात घालवली होती.

"चेहरा बघतोय कोण? तो तुझ्या कंबर, गुडघा, घोट्यावर ठिपके धरतो. पाऊल किती लांब पडतं, किती वेळ टेकतं, हात किती हलतो, सगळं मोजतो. त्यातून होतो चालठसा (प्रत्येकाच्या चालीचा वेगळा नमुना). रोजची हजेरी त्यावरच घेतो. पट्टी डोळ्यांवर असते गं, पायांवर नाही."

"मग मी चालच बदलते!"

दुसऱ्या दिवशी ती डाव्या बुटात खडा घालून लंगडत मैदानावर आली. खंडूचा दिवा लाल झाला.

"संघमित्रा ढावारे गैरहजर. ही मुलगी अनोळखी."

मुख्याध्यापक ओरडले, "अनोळखी? शाळेत घुसलीस कशी?"

"अहो सर, मीच आहे!"

"सर, ही बेडकीच!" कपिल खिदळला.

खड्याने निळ्या विजेचा ठसा मोडला होता, पण संघमित्राचाही मोडला होता. पाय तर एकच ना! तिचं डोकं फिरलं. बूट भिरकावून ती अनवाणी ताडताड चालत गेली.

"संघमित्रा ढावारे हजर," खंडू म्हणाला. "निळी वीज हीच."

कपिलने आ वासला. "पण... पण निळी वीज उंच आहे!"

"तू बाकाखाली लपून बघायचास," संघमित्रा म्हणाली. "तिथून मांजरही उंच दिसतं."

मैदान हसलं. कपिल कानापर्यंत लाल झाला. वर्षभर शेजारी बसून त्याने तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. असल्या प्रेमाला काय चाटायचंय?

"नाव कट," मुख्याध्यापक म्हणाले.

तेवढ्यात कपिलच पुढे आला. "खंडू, डबे पळवणाऱ्यांचे ठसे आहेत तुझ्याकडे?"

"आहेत. रोजचे. कुणी विचारलंच नाही."

"मग सांग!"

खंडूने तीन नावं खणखणीत वाचली. त्यातलं एक मुख्याध्यापकांच्या पुतण्याचं होतं. साहेबांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि पुटपुटले, "तिचं नाव राहू दे. या तिघांची कट."

"निळी... म्हणजे, संघमित्रा," कपिल चाचरत म्हणाला, "सहलीत शेजारी बसू?"

"आधी माझ्याशी महिनाभर माणसासारखा बोल. मग बघू."

शाळा सुटली. अण्णा रोजच्यासारखे तिला न्यायला फाटकात, खंडूशेजारी उभे होते. ते दोन पावलं चालले आणि खंडू बोलला, "आजोबा, तुमचं उजवं पाऊल हल्ली आखूड पडतंय. गुडघा दाखवून घ्या."

"मला काय धाड भरलीय?"

"अण्णा, दुखायच्या आधीच कळलं की हो!" संघमित्राचे डोळे लकाकले. "मी मोठेपणी असे खंडू दवाखान्यांत बसवणार. चला आता डॉक्टरांकडे."

"उद्या जाऊ."

"आत्ता!" तिने त्यांचा हात धरला आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली, अण्णांच्या आखूड पावलाशी आपलं पाऊल जुळवत.