हात गरम करून घे

वैद्यकीय महाविद्यालयाच्या कचेरीतून फोन आला तेव्हा ती प्रुफं तपासत होती.

"आजींना मंगळवारी सकाळी पाठवा हं. परीक्षा आहे. खाट नेहमीचीच."

आई जाऊन महिना झाला होता. तसं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"पाठवते," ती म्हणाली.

आईच्या हृदयाची एक झडप गळकी होती. तिचा आवाज इतका स्वच्छ, की हृदयविभागाचे प्राध्यापक दर परीक्षेला तिला मुद्दाम बोलावून घेत. विद्यार्थी ओळीने येत, छातीला नळी लावत, घाम पुसत. एखादा फारच रडवेला दिसला, की आई डोळे मिटल्या मिटल्या पुटपुटे, "मायट्रल झडप, बाळा. आवाज काखेपर्यंत जातो." पोरांनी तिचं नाव 'सुवर्णपदक आजी' ठेवलं होतं, आणि घरी आली की ती ते पदक स्वतःलाच मिळाल्यासारखी मिरवायची.

"आज सगळे पास! एकाचे हात तेवढे बर्फाच्या कारखान्यातून आलेले. म्हटलं, हात गरम करून घे आधी."

"आणि तुझे मोठे साहेब?"

"त्यांचे तर जन्माचेच गार. पण त्यांना कोण सांगणार?"

शेवटच्या वर्षी मात्र आईने त्यांना एक गोष्ट सांगितली होती, पुन्हा पुन्हा. "साहेब, डावीकडे बरगडीखाली जड लागतं. जरा हात लावून बघता?" उत्तर ठरलेलं. "आजी, पोट आज आपल्या विषयात नाही." एवढ्या हातांखालून गेलेली बाई, पण पोटावर एकही हात पडला नाही. पडला तेव्हा गाठ मुठीएवढी होऊन बसली होती.

लेकीला भरपाई नको होती. त्या माणसाने एकदा तोंडावर म्हणावं, मी हात लावला नाही. बस.

मंगळवारी ती वॉर्डात गेली. खिडकीजवळची खाट, हिरवा पडदा, फिनेलचा वास, चादरीला कडक घडी. खाटेवर बसून ती प्राध्यापकांची वाट बघू लागली. महिनाभर घोटून ठेवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. चुका शोधणं हा तिचा धंदाच. त्या वाक्यात एकही राहिली नव्हती.

पडदा सरकवून एक विद्यार्थिनी आत आली. "झोपता का?" तिने घाईने विचारलं. ती लेकीलाच रुग्ण समजली होती.

नाही म्हणायचं होतं. पण मनात कडवट काहीतरी उसळलं. बघू तरी, यांना पोट दिसतं का. लेक आडवी झाली.

विद्यार्थिनी तळहात एकमेकांवर घासू लागली. बराच वेळ. मग छातीला नळी न लावता तिने हात सरळ डाव्या बरगडीखाली ठेवला, दाबला, आणि तिचा चेहरा बदलला.

"गाठ आहे इथे."

आईचं बघून लेकीने धास्ती घेतली होती. मागच्याच आठवड्यात तिने सगळं तपासून घेतलं होतं. पोट निर्मळ होतं.

"छाती नाही का तपासायची?" तिने विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता, आधी पोट बघ म्हणून?"

त्याआधी लेकीने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

पुढचा विद्यार्थी उंच, चष्मेवाला. तो आत येऊन थबकला आणि हात चोळू लागला. "हो आजी, करतो," तो म्हणाला.

लेकीचा एकही केस पिकला नव्हता.

त्याचाही हात तिथेच गेला.

मग प्राध्यापक आले. "हे काय? तुम्ही कोण? आजी कुठे आहेत?"

"आई गेली," लेक पडल्या पडल्या म्हणाली. "पोटात गाठ होती. तुम्ही हात लावला नाहीत."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "वाईट झालं. पण बाई, माझा विषय हृदय. उठा आता, परीक्षा खोळंबलीय."

"सर, पण गाठ लागतेय," पडद्यापाशी उभा असलेला चष्मेवाला चाचरत म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

ते जायला वळले.

आणि थांबले. कुणी कोटाचं टोक धरावं तसे.

सावकाश मागे फिरले. त्यांची नजर लेकीवर नव्हती. तिच्या डोक्याशेजारी, उशीच्या मोकळ्या भागावर होती.

त्यांनी तळहात एकमेकांवर ठेवले आणि घासू लागले.

"हो," ते हळू आवाजात म्हणाले. "करतो ना."

हात पोटावर आला. गरम होता.

डाव्या बरगडीखाली बोटं थांबली. लेकीने त्यांच्या बोटांशेजारी आपली बोटं रुतवून पाहिली. पोट मऊ होतं. तिथे काहीच नव्हतं. त्यांची बोटं मात्र कशाच्या तरी कडेकडेने, जपून फिरत होती.

"दुखतं का, आजी?"

लेकीने ओठ घट्ट मिटून घेतले.

प्राध्यापकांनी उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि मान खाली घातली.