सावलीतला उतार

चंद्राचा नकाशा आता कुणीही मागवू शकत होतं. शाळेला विवरांची नावं मोठ्या अक्षरांत हवी असत, चंद्रतळावरच्या भूवैज्ञानिकांना उतार रंगांत. ओवी टिळेकर नुसतं सांगायची आणि ‘भूपट’ ही संगणकप्रणाली, यानांनी टिपलेली असंख्य छायाचित्रं जोडून, हवा तसा नकाशा बनवून द्यायची.

ध्रुवाजवळच्या काही खळग्यांत मात्र ऊन कधीच पोचत नाही. तिथली छायाचित्रं नव्हती. त्या जागा भूपट आजूबाजूच्या जमिनीवरून अंदाजाने भरायची आणि वर तिरप्या करड्या रेषा मारायची. रेषा म्हणजे इथे खात्री नाही.

ओवी काम करायची त्या नकाशा केंद्राच्या उद्घाटनाला भिंतभर नकाशा लावायचा होता. त्यावर त्या रेषा ओवीला डागांसारख्या दिसल्या. तिने त्या काढून टाकल्या. नकाशा सगळ्यांना इतका आवडला, की तोच पुढे तळावरही गेला.

आणि तळावरच्या भूवैज्ञानिक नसरीन मुजावरची गाडी अशाच एका अंधाऱ्या खळग्यात, त्या नकाशातल्या सौम्य उतारावरून थेट कड्याखाली कोसळली.

आज चौकशी होती. पडद्यावर नसरीन होती, पाय प्लास्टरमध्ये. पृथ्वीवरचं बोलणं चंद्रावर पोचून उत्तर यायला दोन-तीन क्षण जायचे.

“नकाशात उतार सौम्य आहे,” चौकशी करणारे कर्णिक म्हणाले. “म्हणजे वेग तुम्हीच आवरला नाहीत.”

“तसंच असेल, सर. दिव्यांच्या उजेडात कडा दिसायला हवा होता मला. ओवीताईंचा नकाशा आजवर कधी चुकलेला नाही.”

ओवीचे कान तापले. आता नसरीनला परत बोलावतील, पुन्हा कधी पाठवणार नाहीत. आपण गप्प राहिलो तर कुणाला कळणारही नाही. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचीच तिला किळस आली.

“सर, तो उतार खरा नाही,” ती कशीबशी म्हणाली. “तिथलं छायाचित्रच नाही आपल्याकडे. अंदाजाच्या रेषा होत्या, त्या मी पुसल्या. नकाशा देखणा दिसावा म्हणून.”

कर्णिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर नसरीन अजून तशीच, विश्वासाने बघत होती. वाक्य तिच्यापर्यंत पोचायचं होतं. ओवीने मान खाली घातली.

मग ते पोचलं.

“ताई,” नसरीनचा आवाज चढला नव्हता, “माझे दोघं सोबती आत्ता बाहेर आहेत. तुमचाच दुसरा नकाशा घेऊन गेलेत. त्यांना काय सांगू मी? पुढे जा, की आहात तिथेच थांबा?”